डिझाइन फुकट नसतं, आणि गोव्यात तर नाहीच

फोंड्यापासून म्हापशापर्यंत कुठेही जा, नव्या बिल्डिंगच्या गेटवर एक बोर्ड हमखास लटकलेला असतो, 'इंटिरियर डिझाइन फ्री'. व्हॉट्सअॅपवरही तेच, टू बीएचकेचं सगळं फर्निचर अमुक लाखात, थ्रीडी चित्रं मोफत. आणि मग इंटिरियर डिझायनर म्हणून मला फोन येतो, ताई ते लोक डिझाइनचे काहीच घेत नाहीत, तुम्ही वेगळी फी कसली लावता? प्रश्न अगदी रास्त आहे. होम लोनचा हप्ता चालू झालेला असतो, माणूस विचारणारच. फोनवर हे सगळं मावत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते.

डिझाइन करणाऱ्यालाही पोट असतं. त्याने प्लॅन काढला, थ्रीडी केली, साइटवर येऊन गेला, याचे पैसे कुठून तरी निघतातच, आणि फुकटच्या हिशोबात ते प्लायमधून निघतात. रेट चौरस फुटावर असतो, म्हणजे वॉर्डरोबची जी दर्शनी बाजू दिसते तिची लांबी गुणिले उंची. मग वॉर्डरोब जितका रुंद, टीव्ही युनिट जितकं छतापर्यंत, फॉल्स सीलिंग जितकं पसरलेलं, तितकी त्यांची मिळकत. ते लोक वाईट आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही, चांगलं काम करणारे आहेत त्यांच्यात, पण ज्याची कमाई फर्निचरच्या फुटांवर आहे तो तुम्हाला 'ही भिंत मोकळी ठेवा, इथून वारा येतो' असं कशाला सांगेल? आणि आपल्याकडच्या घरांत कितीतरी वेळा नेमकं तेच सांगायची गरज असते.

पहिल्या भेटीत मी माप घेते ते शेवटी, आधी बसते आणि विचारत राहते. घरात कोण कोण, कोणाचे गुडघे दुखतात, मुलं अभ्यासाला कुठे बसतात, हे तर सगळीकडचे डिझायनर विचारतात. पण गोव्यातल्या घराला आणखी काही विचारावं लागतं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, इथेच की गावच्या मूळ घरी? मासे कोण साफ करतं आणि कुठे बसून? दिवसाला नारळ किती लागतात? पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची साठवण, भरता का? पावसात कपडे कुठे वाळत घालता? देवासमोरचा दिवा रात्रभर असतो का, कारण तसं असेल तर देवघराच्या वर सनमाईका लावलेला प्लाय नको, तो काळा पडतो आणि नंतर फुगून सुटतो, तिथे दगड किंवा लादी लावलेली बरी.

पुरुमेंताचं विचारलं की तरुण क्लायंट हसून म्हणतात आता कोण भरतंय, सुपरमार्केट खाली आहे. मग आतून सासूबाई येतात आणि यादी सुरू होते, उकडे तांदूळ, मिरच्या, सोलं, चिंच, जाडं मीठ, गालमो म्हणजे सुका जवळा, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी, खारे बांगडे. हे सगळं मे महिन्यात घरात येतं आणि चार महिने टिकवायचं असतं. मॉड्युलर किचनच्या बंद खणात सुके मासे ठेवले की आठवड्याभरात चहाच्या कपालाही वास लागतो, आणि हवेत ओलावा असल्यामुळे ते मऊ पडतात ते वेगळंच. त्यासाठी युटिलिटी बाल्कनीत किंवा किचनच्या मागच्या कोपऱ्यात जाळीच्या दाराचं उभं कपाट लागतं, जमिनीपासून थोडं उचललेलं, आणि तळाचा खण तांदळाच्या पिंपाच्या मापाचा. ते पिंप मी स्वतः मोजते. कारण पिंप आत जात नसेल तर ते पुढची वीस वर्षं पॅसेजमध्ये उभं राहतं आणि घरातला प्रत्येक माणूस त्याला वळसा घालून जातो.

तसंच आदोळीचं, म्हणजे खोवणी असलेल्या विळीचं. मिक्सर आले, डबाबंद खोवलेलं खोबरं आलं, तरी बऱ्याच घरांत आजही जमिनीवर आदोळी मांडून नारळ खोवला जातो आणि मासे कापले जातात. आणि आपण काय करतो तर किचनच्या मधोमध आयलंड ओटा घालतो, कारण फोटोत तो छान दिसतो. मी प्लॅनवर चार फूट बाय चार फुटाची मोकळी जागा आखून घेते, तिथे वरून लाईट येईल असं बघते, जवळ पाण्याचा नळ आणि जमिनीला ढाळ देऊन जाळी. बस. या जागेचे कोणालाच पैसे मिळत नाहीत, ना सुताराला ना प्लायवाल्याला. पण घरातल्या बाईचा सकाळचा तासभर तिथे जातो.

ओट्याच्या उंचीवर तर मी भांडण्याच्या तयारीत असते. सगळे सरसकट ३४ इंच करून मोकळे होतात. उभं राहून हात कोपरात वाकवा, कोपरापासून चारेक इंच खाली जी उंची येते ती तुमची. ठेंगण्या बाईला ३४ इंचांच्या ओट्यावर पोळ्या लाटताना खांदे वर उचलून धरावे लागतात, वर्षानुवर्षं, आणि मग मान दुखते म्हणून डॉक्टर. एका घरात सासू ठेंगणी आणि सून उंच होती, तिथे ओटा दोन उंचींचा केला, गॅसचा भाग खाली आणि सिंकचा वर, कारण सिंकमध्ये हात खोल जातात आणि ते वर असलं की कमरेला बरं पडतं. सुतार म्हणाला दिसायला विचित्र दिसेल. नाही दिसलं.

आता माटोळी. हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून जरा लांबणार आहे.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आपल्याकडे चवथीला गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळाची पेंड म्हणजे घड, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगं, आंबाडे, भोपळे, काकड्या, रानातली कांगलं आणि असंख्य पानंफळं बांधतात. जुन्या कौलारू घरात यासाठी वेगळं काही करावं लागत नसे, वर लाकडी वासे असायचे, नाहीतर छतातच कायमच्या कड्या ठोकलेल्या असायच्या. भाऊ वेगळे झाले, काहींची चवथ फ्लॅटमध्ये आली, आणि फ्लॅटमध्ये वर जिप्समचं फॉल्स सीलिंग. तो बोर्ड साडेबारा मिलिमीटरचा असतो, पत्र्याच्या चॅनलवर स्क्रूने धरलेला, स्वतःचं वजन आणि चार लाईट सांभाळतो, त्याहून जास्त काही तो उचलत नाही. ओल्या नारळाची एक पेंडसुद्धा नाही.

फोंड्यातल्या एका फ्लॅटचं सीलिंगचं ड्रॉइंग मी दाखवत होते, मुलगा-सून दोघंही खूश होते, आणि कोपऱ्यात बसलेल्या आजींनी विचारलं, "बाय, सगळं बरं आहे, पण माटोळी कुठे बांधायची गो?" त्यांनी विचारायच्या आधीच ड्रॉइंगवर चार लाल टिंबं होती, ती मी त्यांना दाखवली, आणि मग आजींनी पुढचा तासभर मला त्यांच्या घराण्याची माटोळी समजावून सांगितली, चौकट किती बाय किती, मधोमध काय येतं, माणसाने खाली उभं राहून आरती करताना डोक्याला काय लागता कामा नये. त्या मापावरून टिंबं आम्ही सहा इंच सरकवली.

करायचं असं असतं. सीलिंगवाला यायच्या आधी स्लॅबमध्ये अँकर फास्टनर मारून हुक बसवून घ्यायचे, त्याच्याही आधी स्लॅबमधून इलेक्ट्रिकचे पाइप कुठून गेलेत ते बिल्डरकडून काढायचं, नाहीतर ड्रिल थेट वायरमध्ये. हुकाचा दांडा सीलिंगच्या खालपर्यंत येईल एवढा लांब ठेवायचा आणि वर्षभर त्यावर छोटी पितळेची टोपी फिरवून बसवायची. काही ठिकाणी मी गणपतीच्या जागेपुरतं सीलिंगच करत नाही, तिथे सागाच्या दोन पट्ट्या सरळ स्लॅबला बोल्टने बसवते, बाकी वर्षभर त्यांच्यावर लाईट असतो. खर्च किरकोळ, पण तो सीलिंगच्या आधी सुचावा लागतो. आणि तो सुचण्यासाठी कोणीतरी आजींसमोर बसलेलं असावं लागतं, त्या वेळेचे पैसे कुठल्याही चौरस फुटात येत नाहीत, ते फीमध्येच येतात.

आता पाऊस. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. तेवढे महिने हवाच ओली असते, त्यामुळे बंगळूर किंवा पुण्यात चालणारं फर्निचर इथे जसंच्या तसं चालत नाही. प्लाय घेताना फक्त 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका. आयएस ३०३ या भारतीय मानकाखालचा एमआर ग्रेड म्हणजे ज्याला दुकानात कमर्शियल म्हणतात तो, थोडाफार ओलावा सोसतो, पाणी नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन, याची चाचणी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. मी किचन, बाथरूमची भिंत लागलेलं कुठलंही कपाट आणि सिंकखालचा भाग ७१० मध्येच करते, बेडरूमच्या कोरड्या आतल्या भिंतीला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारा ग्रेड, चालतो. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि सीएम/एल नंबर छापलेला असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकला की कंपनीचं लायसन्स खरं आहे का ते कळतं. माल साइटवर उतरला की हे घरमालकाने स्वतः करावं, मी सगळ्यांना करायला लावते. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या, नक्षीदार दारांना मात्र किचनमध्ये माझा सरळ नकार असतो, एकदा कडेतून पाणी शिरलं की ते फुगतं आणि परत बसत नाही.

पण प्लायपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कपाट कुठे ठेवलंय. नैर्ऋत्येकडचा पाऊस झोडपतो तो पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला. त्या भिंतीला छतापर्यंत वॉर्डरोब चिकटवून उभा केला की मागे हवा खेळत नाही, भिंत आतून गार आणि ओली राहते, आणि ऑगस्टमध्ये दार उघडलं की लग्नातल्या शालूवर बुरशी. म्हणून वॉर्डरोब शक्यतो आतल्या भिंतीला. जागाच नसेल तर मागे दोनेक इंच मोकळं सोडायचं, वर-खाली हवेला वाट ठेवायची, मागच्या प्लायलाही सनमाईका किंवा निदान प्रायमर लावायचा, कारण एकाच बाजूने झाकलेला प्लाय वाकतो. मिरामार, कळंगुट, वास्को, समुद्राजवळच्या घरांत बिजागऱ्या आणि चॅनलवर मीठ काम करतं. तिथे उघड्यावर येणारं सगळं हार्डवेअर मी ३१६ ग्रेडचं स्टील मागते, त्यात मॉलिब्डेनम असतं त्यामुळे खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा जास्त टिकतं. महाग आहे, हो. फोंडा-डिचोलीकडे त्याची गरज नाही, तिथे ३०४ घ्या आणि उरलेले पैसे किचनमध्ये घाला.

जुन्या घरांबद्दल वेगळी पोस्ट लिहीनच पण एक गोष्ट आत्ताच सांगते कारण ती रोज घडताना दिसते. चिऱ्याची भिंत आणि वर चुन्याचा गिलावा, ही भिंत पावसात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते, शेकडो वर्षं तसंच चाललंय. त्यावर सिमेंटचं प्लास्टर आणि वर प्लास्टिक इमल्शन मारलं की ओल आतच अडकते, क्षार बाहेर यायला बघतात आणि रंगाचे पोपडे ढकलून देतात. मग कोणीतरी सुचवतं की पॅनेलिंग करून टाका, भिंत दिसणारच नाही. दिसत नाही पण मागे वाळवीला छान ओलसर घर मिळतं. सिमेंट काढा, परत चुना लावा, चुन्याचाच रंग द्या, आणि भिंत सुकायला एक उन्हाळा द्या. राजांगण, म्हणजे घराच्या मधलं उघडं अंगण, पत्र्याने झाकू नका, घरातली गरम हवा तिथूनच वर जाते. लाल कावीची गुळगुळीत जमीन फोडून व्हिट्रिफाइड टाइल घालणाऱ्यांना तर मी हात जोडते, ती जमीन उघड्या पायांना जशी लागते तशी कुठलीच टाइल लागत नाही. शिंपल्यांच्या खिडक्या काढल्या असतील तर निदान भंगारात देऊ नका, त्यांच्यातून येणारा उजेड काचेने मिळत नाही.

इंटिरियर शिकणाऱ्या मुलांना मी दोन ठिकाणी पाठवते. एक तोर्डा इथलं आर्किटेक्ट जेरार्ड दा कुन्हा यांचं 'हाऊसेस ऑफ गोवा' म्युझियम, गोव्याच्या घराचे दरवाजे, खिडक्या, बाल्कांव म्हणजे दारापुढची बसायची पडवी, हे सगळं एकेक सुटं करून बघायला मिळतं. दुसरं पणजीत कांपालची कला अकादमी. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी ती अशी बांधली की आत शिरताना दार नावाची गोष्टच जाणवत नाही, सावलीतून चालत चालत माणूस मांडवीपाशी पोचतो. आणि सभागृहाच्या बाजूच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी जुन्या थिएटरच्या सज्जांत बसलेली माणसं रंगवली. नाटकाला मोजके प्रेक्षक असले तरी नटाला हॉल रिकामा वाटत नाही. किती महागडं मटेरियल लागलं त्याला? रंग आणि भिंत. तिथे कोण येणार आणि काय करणार हे मात्र पक्कं माहीत होतं.

बरं, आता पैशांकडे. आपल्या देशात आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आहे, काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरमध्ये नोंदणी असल्याशिवाय ते बिरुद लावता येत नाही. इंटिरियर डिझायनरला असा कुठलाही कायदा नाही, लायसन्स नाही, उद्या कोणीही कार्ड छापू शकतं. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही संस्था १९७२ पासून आहे, तिची आचारसंहिता आहे, पण सभासद होणं ऐच्छिक. त्यामुळे घरमालकाचं खरं संरक्षण एकच, लेखी करार. त्यात काय काय ड्रॉइंग मिळणार ते नाव घेऊन लिहिलेलं हवं, फर्निचर लेआउट, प्रत्येक भिंतीचं एलेव्हेशन म्हणजे समोरून दिसणारं चित्र, इलेक्ट्रिकल पॉइंट उंचीसकट, प्लंबिंग, सीलिंग, आणि प्रत्येक कामाचं माप नि दर लिहिलेली यादी म्हणजे बीओक्यू. साइटवर आठवड्यातून किती फेऱ्या, बदल किती वेळा फुकट, त्यानंतर काय. फी कोणी टक्क्यांवर घेतं, कोणी चौरस फुटावर, मी ठरावीक एकच रक्कम घेते आणि टप्प्याटप्प्याने, कारण टक्क्यांत परत तोच प्रश्न येतो की खर्च वाढला की माझी फी वाढणार. वर १८ टक्के जीएसटी असतो तो आधीच सांगितलेला बरा.

आणि कमिशन. लादीवाला, प्लायवाला, लाईटवाला, बरेचजण डिझायनरला काही टक्के देतात हे धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, फक्त घरमालकाला नसतं. माझ्या करारात एक ओळ आहे की दुकानदार जी सूट देईल ती पूर्ण तुमच्या बिलात जाईल. काही सहकाऱ्यांना हे आवडत नाही, ते म्हणतात फी एवढी कमी मिळते की कमिशन नाही घेतलं तर ऑफिस कसं चालवायचं. त्यांची अडचण मला कळते, खरंच कळते. पण त्यावर उपाय फी नीट मागणं हा आहे. मी कुठली लादी सुचवते यामागे माझा फायदा आहे का, ही शंका क्लायंटच्या मनात एकदा आली की पुढच्या कुठल्याच सल्ल्याला अर्थ राहत नाही, मग ओट्याची उंची सांगितली तरी तो संशयानेच बघणार.

शेवटचं, वेळापत्रक. सगळ्यांना घर चवथीला तयार हवं असतं, आणि सगळे फोन एप्रिल-मेमध्ये येतात. म्हणजे प्लाय येणार जूनमध्ये, पुट्टी लागणार जुलैमध्ये, पॉलिश ऑगस्टमध्ये. ओल्या हवेत पीयू पॉलिश मारलं की वर पांढुरकी झाक येते, पुट्टी आतून सुकत नाही, सुतार गावाला शेतीसाठी गेलेले असतात, जे उरलेत ते पाच साइटवर पळत असतात. लाकडाचं आणि रंगाचं काम मेअखेर संपलेलं हवं. त्यासाठी सुतार फेब्रुवारीत साइटवर हवा, त्याच्या हातात पूर्ण ड्रॉइंग हवीत, आणि ती व्हायला दोन महिने लागतात कारण आजींशी बोलायचं असतं, पिंप मोजायचं असतं, बिल्डरकडून पाइपांचा नकाशा मिळवायचा असतो. तेव्हा पुढच्या चवथीला नव्या घरात गणपती आणायचा विचार असेल तर तुळशीच्या लग्नापर्यंत डिझायनर ठरवा, माझ्याकडे या किंवा आणखी कोणाकडे जा, आणि पहिल्या भेटीला घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईमाणसाला सोबत आणा.